सूत्र सर्वांत शेवटी: बारावीच्या वीज, चुंबकत्व आणि आधुनिक भौतिकीची गणितं कोणत्या क्रमानं सोडवायची

इंदूरच्या राजेंद्रनगरात माझ्याकडे बारावीची मुलं भौतिकशास्त्र शिकायला येतात. बहुतेक मराठी घरांतली. शाळा कुणाची हिंदी माध्यमाची, कुणाची इंग्रजी. त्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते आहे. सूत्र आठवलं नाही म्हणून गणित अडलं, असं फार कमी वेळा होतं. सूत्र बरोबर असतं, आकडेही नीट भरलेले असतात, तरी उत्तर चुकतं. सूत्र लिहिण्याआधी जे ठरवायचं होतं ते ठरवलेलंच नसतं: बॅटरी जोडलेली आहे की काढली, कोन कशाशी मोजलाय, प्रभार धन आहे की ऋण, ऊर्जा ज्यूलमध्ये आहे की इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये.

खाली तो ठरवण्याचा क्रम दिला आहे. पुस्तक शेजारी उघडं ठेवा, पेन्सिल हातात घ्या आणि प्रत्येक उदाहरण स्वतः करून मगच पुढे जा.

टप्पा १: आधी तीन पानं तयार करा

वहीची पहिली तीन पानं कोरी सोडा. ती वर्षभर भरत जायची आहेत.

पहिलं पान शब्दांचं. आपल्याकडच्या मुलांना याची गरज महाराष्ट्रातल्या मुलांपेक्षा जास्त आहे. हिंदी पुस्तकात ‘आवेश’ म्हणजे चार्ज, आपण त्याला प्रभार म्हणतो. घरात मात्र आवेश भाषणात येतो. हिंदीतली ‘आवृत्ति’ ही आपली वारंवारता, आणि मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते. हिंदीतलं ‘प्रेरण’ हे आपलं प्रवर्तन, ‘प्रतिरोध’ म्हणजे रोध, ‘संधारित्र’ म्हणजे धारित्र, ‘अभिलंब’ म्हणजे पृष्ठभागाला काढलेला लंब. पानावर तीन रकाने आखा: शाळेतला शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत, मराठी शब्द. परीक्षेत शाळेच्या भाषेतच लिहायचं आहे. पण आई-बाबांबरोबर किंवा माझ्यासारख्याबरोबर मराठीत बोलताना नेमकी कोणती राशी मनात आहे, हे तुम्हाला पक्कं माहीत असायला हवं.

दुसरं पान एककांचं. मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग, नॅनो म्हणजे अब्जावा, पिको म्हणजे नॅनोचाही हजारावा. खाली मोठ्या अक्षरात लिहा: १ चौरस सेंटिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा हजारावा भाग. शंभरावा नाही. ही एक चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की तिच्यासाठी पानावर चौकट आखायला लावतो.

तिसरं पान स्थिरांकांचं. इलेक्ट्रॉनचा प्रभार, त्याचं वस्तुमान, प्रकाशाचा वेग, प्लँकचा स्थिरांक. त्याशेजारी एक जोडआकडा लिहून ठेवा: १२४०. प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग हा गुणाकार इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि नॅनोमीटर या एककांत जवळपास १२४० येतो. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तिथे हा आकडा तुमची अर्धं पान आकडेमोड वाचवेल.

टप्पा २: आकृती काढा, आकृतीवर दिशा काढा

प्रश्नात आकृती दिलेली असली तरी स्वतःची काढा. प्रत्येक प्रभाराच्या शेजारी त्याचं चिन्ह, प्रत्येक अंतर मीटरमध्ये, प्रत्येक बलाचा किंवा क्षेत्राचा बाण. सूत्र अजून लिहायचं नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. +२ मायक्रोकूलोंब आणि −२ मायक्रोकूलोंब हे दोन प्रभार २० सेंटिमीटर अंतरावर आहेत. मधोमध असलेल्या बिंदूवर विद्युत क्षेत्र किती आणि विभव (पोटेन्शियल) किती?

आकृतीत मध्यबिंदूवर एक कल्पित धन प्रभार ठेवा. धन प्रभार त्याला आपल्यापासून दूर ढकलतो, ऋण प्रभार त्याला आपल्याकडे ओढतो. दोन्ही बाण एकाच दिशेला आले. म्हणजे क्षेत्रांची बेरीज करायची. प्रत्येक प्रभाराचं क्षेत्र १८ लाख न्यूटन प्रति कूलोंब, एकूण ३६ लाख, दिशा धनाकडून ऋणाकडे.

आता विभव. विभव अदिश आहे, त्याला बाण नसतो, फक्त चिन्ह असतं. एक धन, एक तितकंच ऋण. बेरीज शून्य.

मुलं इथे दोन प्रकारे चुकतात. पहिला प्रकार: क्षेत्राच्या सूत्रात ऋण चिन्हही घालायचं आणि बाणही उलटा काढायचा. चिन्ह दोनदा मोजलं गेलं, उत्तर शून्य आलं. क्षेत्र आणि बल काढताना सूत्रात फक्त आकार भरा, दिशा आकृतीवरून घ्या. विभव आणि स्थितिज ऊर्जा काढताना चिन्हासकट भरा. दुसरा प्रकार: ‘विभव शून्य आहे म्हणजे क्षेत्रही शून्य’ असं गृहीत धरायचं. क्षेत्र हे विभव किती वेगानं बदलतं आहे त्यावर ठरतं. पायऱ्यांवर तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात यावरून जिना किती चढा आहे ते कळत नाही, तसंच हे.

तपासा: क्षेत्राचं उत्तर न्यूटन प्रति कूलोंब किंवा व्होल्ट प्रति मीटर या एककात आलं का? दोन्ही एकच आहेत. एकक भलतंच आलं तर अंतराचा वर्ग करायचा राहिला, किंवा नको तिथे केला.

टप्पा ३: धारित्रात आधी विचारा, ‘काय बदलणार नाही?’

या टप्प्यावर जास्त वेळ द्या. धारित्राच्या पट्ट्यांमध्ये डायलेक्ट्रिकची, म्हणजे वीज न वाहू देणाऱ्या पदार्थाची, पाटी सरकवली की काय होतं, हा प्रश्न दरवर्षी वेगवेगळ्या रूपात येतो आणि मुलं पाठ केलेलं उत्तर लिहितात: ‘धारकता वाढते, म्हणून ऊर्जा वाढते.’ हे निम्म्या वेळा खरं आहे. कोणत्या निम्म्या वेळा, हे बॅटरी सांगते.

उदाहरण: ५ मायक्रोफॅराडचा धारित्र १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. प्रभार ६० मायक्रोकूलोंब, साठलेली ऊर्जा ३६० मायक्रोज्यूल. आता ३ डायलेक्ट्रिक स्थिरांकाची पाटी पूर्ण आत सरकवली. दोन्ही बाबतींत धारकता १५ मायक्रोफॅराड होते. इथपर्यंत सगळं सारखं.

बॅटरी जोडलेलीच आहे. बॅटरी विभवांतर १२ व्होल्टवर धरून ठेवते. न बदलणारी गोष्ट विभवांतर. म्हणून प्रभार १८० मायक्रोकूलोंब आणि ऊर्जा १०८० मायक्रोज्यूल. पट्ट्यांमधलं अंतर तेच, म्हणून क्षेत्रही तेच.

बॅटरी आधी काढून घेतली. पट्ट्यांवरच्या प्रभाराला जायला वाटच नाही. न बदलणारी गोष्ट प्रभार, ६० मायक्रोकूलोंब. विभवांतर ४ व्होल्टवर येतं, क्षेत्र एक तृतीयांश होतं आणि ऊर्जा १२० मायक्रोज्यूल राहते. वाढली नाही, घटली.

‘मग उरलेली २४० मायक्रोज्यूल गेली कुठे?’ हा प्रश्न चांगला विद्यार्थी विचारतोच, आणि त्याला उत्तर मिळायला हवं. कडेच्या वाकलेल्या क्षेत्रामुळे पाटी आत खेचली जाते. हातानं हळूहळू सोडत आत नेली, तर ती ऊर्जा तुमच्या हातावर कार्य करण्यात गेली. पहिल्या बाबतीतही असाच हिशेब जुळतो: जादा १२० मायक्रोकूलोंब प्रभार १२ व्होल्टवर पुरवताना बॅटरीनं १४४० मायक्रोज्यूल दिले, धारित्रात वाढले ७२०, उरलेले ७२० पाटी ओढण्याच्या कार्यात गेले. असा हिशेब एकदा स्वतः मांडला की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

ऊर्जेची सूत्रं तीन आहेत आणि तिन्ही खरी आहेत. जी राशी बदलत नाही, ती ज्या सूत्रात आहे ते वापरा. प्रभार तोच असेल तर ‘प्रभाराचा वर्ग भागिले धारकतेची दुप्पट’. विभवांतर तेच असेल तर ‘अर्धा गुणिले धारकता गुणिले विभवांतराचा वर्ग’.

इशारा: उन्हाळ्यात पंखा किंवा कूलर बिघडला की घरात कुणीतरी त्याचा कंडेन्सर काढायला बसतं. तो हाच धारित्र आहे. वीज बंद केल्यावरही त्यात प्रभार राहू शकतो. वर ‘बॅटरी काढून घेतली’ त्या बाबतीत जे लिहिलं तेच इथे घडतं. कुतूहल म्हणून हात लावू नका, ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे.

टप्पा ४: परिपथ पुन्हा काढा

पुस्तकातली वेडीवाकडी आकृती आहे तशी सोडवू नका. रंगीत पेन्सिली घ्या. ज्या बिंदूंमध्ये नुसती तार आहे, मध्ये रोध नाही, बॅटरी नाही, त्या सगळ्या बिंदूंना एक रंग द्या. पुढच्या गटाला दुसरा रंग. मग कोरी जागा घेऊन प्रत्येक रंगाचा एकच ठिपका काढा आणि त्यांच्यामध्ये रोध जोडा. ज्या दोन रोधांची दोन्ही टोकं त्याच दोन रंगांवर आहेत, ते समांतर. इतकं केलं की ‘हा एकसर आहे की समांतर’ हा वाद मिटतो.

त्यानंतर किरचॉफचे नियम. प्रवाहाची दिशा तुम्ही ठरवा, कोणतीही चालेल, पण बाण काढल्यावर तो गणित संपेपर्यंत पुसायचा नाही. उत्तर ऋण आलं तर प्रवाह बाणाच्या उलट आहे, इतकाच त्याचा अर्थ. मुलं ऋण उत्तर पाहून घाबरतात, मधेच बाण उलटा करतात आणि बरोबर आलेलं गणित बिघडवतात. वाटेवर फिरताना: प्रवाहाच्या दिशेनं रोध ओलांडला तर विभव कमी होतं, घटाच्या ऋण टोकाकडून धन टोकाकडे गेलात तर वाढतं. घटातून प्रवाह कुठल्या दिशेनं जातोय याच्याशी या दुसऱ्या नियमाचा संबंध नाही.

दिव्यांचा प्रश्न इथेच उरकू. २२० व्होल्टचे ६० वॅट आणि १०० वॅटचे दोन तंतूचे दिवे २२० व्होल्टला एकसर जोडले. कोणता जास्त उजळ? पुन्हा तेच: काय सारखं आहे? एकसर जोडणीत प्रवाह. म्हणून ज्याचा रोध जास्त तो उजळ. ६० वॅटच्या दिव्याचा रोध सुमारे ८०७ ओहम, १०० वॅटच्या दिव्याचा ४८४. रोध बदलत नाही असं धरलं तर ६० वॅटचा दिवा सुमारे २३.४ वॅट घेतो आणि १०० वॅटचा सुमारे १४.१. दिव्यावर छापलेले वॅट हे त्याला पूर्ण २२० व्होल्ट मिळाले तरचे आहेत.

प्रयोगशाळेत मीटर ब्रिजवर (तारेच्या मदतीनं अज्ञात रोध मोजण्याच्या उपकरणावर) काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण तिथेही चूक क्रमाचीच होते. आधी जोडणीच्या तारांची टोकं सँडपेपरनं घासून घ्या. रोधपेटीच्या किल्ल्या दाबून थोड्या फिरवा. सैल किल्ली स्वतःचा रोध घालते. मग जॉकी (तारेला टेकवायची सरकती पट्टी) तारेच्या एका टोकाला आणि नंतर दुसऱ्या टोकाला टेकवून बघा. गॅल्व्हानोमीटरचा काटा दोन्हीकडे विरुद्ध दिशांना गेला तरच जोडणी बरोबर. हे न बघताच मुलं शून्यबिंदू शोधत बसतात आणि अर्धा तास जातो. शून्यबिंदू तारेच्या मध्याजवळ येईल असा रोध पेटीतून निवडा. जॉकी टेकवा आणि उचला, तारेवर घासत नेऊ नका. तारेची जाडी ठिकठिकाणी बदलली की पुढची सगळी मापं बिघडतात. दोन मापांच्या मध्ये किल्ली उघडी ठेवा, नाहीतर तार तापून तिचा रोध बदलतो. शेवटी दोन्ही रोधांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा माप घ्या आणि सरासरी काढा.

तपासा: समांतर जोडणीचा एकूण रोध हा त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षाही लहान यायला हवा. आला नाही तर समांतरचं सूत्र लावताना कुठेतरी चुकलात.

टप्पा ५: चुंबकत्वात हात आधी, सूत्र नंतर

उजवा हात. बोटं वेगाच्या दिशेला, तिथून क्षेत्राच्या दिशेला वळवा, अंगठा बलाची दिशा दाखवतो. हे धन प्रभारासाठी. प्रभार ऋण असेल तर शेवटी अंगठा उलटा करा. इलेक्ट्रॉनसाठी वेगळा हात, प्रवाहासाठी वेगळा हात, असं काही मुलांना शिकवलेलं असतं आणि परीक्षेच्या खोलीत दोन्ही हात हवेत फिरत राहतात. उजव्या हातात पेन असलेली मुलं नकळत डावा हात वापरतात. पेन खाली ठेवा.

चुंबकीय बल वेगाला नेहमी काटकोनात असतं, म्हणून ते कार्य करत नाही. वेगाची दिशा बदलते, चाल बदलत नाही. ‘चुंबकीय क्षेत्रात शिरल्यावर इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा किती वाढली’ असा प्रश्न आला तर उत्तर शून्य. आकडेमोड करत बसू नका.

आता वर्तुळाकार मार्गाची त्रिज्या. पुस्तकातलं सूत्र: वस्तुमान गुणिले वेग, भागिले प्रभार गुणिले क्षेत्र. या सूत्राची मर्यादा दाखवणारं उदाहरण आपल्या घराजवळच आहे. राजेंद्रनगराहून फार लांब नाही, कॅट रोडनं जाताना ज्याच्या फाटकावरून आपण जातो ते राजा रामन्ना प्रगत प्रौद्योगिकी केंद्र. तिथल्या इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉन २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे २५० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेनं फिरतात. त्यांना वळवणारे १६ चुंबक आहेत, प्रत्येकाचं क्षेत्र सुमारे १.५ टेस्ला. वळणाची त्रिज्या किती असेल?

पुस्तकी पद्धतीनं करून बघा. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान तक्त्यातून घेतलं, वेग जवळजवळ प्रकाशाइतका. त्रिज्या येते सुमारे १.१ मिलिमीटर. यंत्राच्या वर्तुळाचा घेर तर साधारण १७२ मीटर आहे. म्हणजे काहीतरी फार मोठं चुकलं.

चूक आकडेमोडीत नाही. इतक्या ऊर्जेला संवेग हा ‘तक्त्यातलं वस्तुमान गुणिले वेग’ इतका राहत नाही, त्याच्या हजारो पट होतो. या ऊर्जेला संवेग जवळजवळ ‘ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग’ असतो. म्हणून त्रिज्येचं सूत्र ‘संवेग भागिले प्रभार गुणिले क्षेत्र’ असं लक्षात ठेवा. ते दोन्हीकडे चालतं. इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये हिशेब तर तोंडी होतो: ऊर्जा = क्षेत्र × त्रिज्या × प्रकाशाचा वेग. २५० कोटी = १.५ × त्रिज्या × ३० कोटी. त्रिज्या ५.५५ मीटर. इंडस-२ च्या वळवणाऱ्या चुंबकांची त्रिज्या हीच आहे. शेजारच्या लहान इंडस-१ यंत्रासाठी करून पाहा: ४५ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, १.५ टेस्ला. उत्तर १ मीटर, आणि तेही बरोबर आहे.

एक खोच अजून. ५.५५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा घेर फक्त ३५ मीटर होतो, मग १७२ कसे? इलेक्ट्रॉन फक्त चुंबकांच्या आत वळतात, प्रत्येक चुंबकात २२.५ अंश, १६ वळणांत ३६० अंश पुरे. मधला मार्ग सरळ आहे. जिथे क्षेत्र नाही तिथे वळण नाही. परीक्षेत ‘प्रभार काही भागातच क्षेत्रात आहे’ असा प्रश्न येतो तेव्हा हीच आकृती काढायची: आत कंस, बाहेर पडल्यावर कंसाला स्पर्शिका.

तपासा: वेग क्षेत्राला समांतर असेल तर बल शून्य आलं का? तिरका असेल तर मार्ग मळसूत्री. त्रिज्येत वेगाचा फक्त क्षेत्राला काटकोनातला घटक भरायचा.

टप्पा ६: प्रवर्तनात तीन प्रश्न, याच क्रमानं

पहिला: वेटोळ्यातून जाणारं क्षेत्र कोणत्या दिशेला आहे? दुसरा: फ्लक्स, म्हणजे वेटोळ्यातून जाणाऱ्या क्षेत्राचं एकूण प्रमाण, वाढतोय की घटतोय? तिसरा: तो बदल रोखायला वेटोळ्याचं स्वतःचं क्षेत्र कोणत्या दिशेला हवं? त्यानंतरच उजव्या हातानं प्रवाहाची दिशा.

मुलं दुसरा प्रश्न गाळतात आणि ‘लेन्झचा नियम म्हणजे उलट’ इतकंच धरून क्षेत्राच्या उलट दिशा लिहितात. विरोध बदलाला असतो. क्षेत्र घटत असेल तर वेटोळं त्याच दिशेचं क्षेत्र निर्माण करतं, घटणारं सावरायला.

आकडेमोडीतला सापळा कोनाचा. १०० वेढ्यांचं, ५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचं वेटोळं ०.२ टेस्लाच्या क्षेत्रात आहे. त्याचं प्रतल क्षेत्राशी ३० अंशाचा कोन करतं. ०.१ सेकंदात क्षेत्र शून्य झालं. सूत्रात कोन प्रतलाशी नाही, प्रतलाच्या लंबाशी लागतो, म्हणजे ६० अंश. उत्तर ०.५ व्होल्ट. ३० अंश भरणाऱ्याला ०.८७ येतं, आणि ते उत्तर बहुपर्यायी प्रश्नात नेमकं दुसऱ्या पर्यायावर छापलेलं असतं. आकृतीत लंब तुटक रेषेनं काढा, मग कोन लिहा.

प्रत्यावर्ती धारेबद्दल एकच सांगतो. २३० व्होल्ट हे परिणामी मूल्य आहे, शिखर मूल्य सुमारे ३२५. प्रश्नात कोणतं दिलं आहे याच्याखाली रेघ मारा. बाकी भाग पुस्तकातून नीट होतो.

टप्पा ७: आधुनिक भौतिकीत आधी तुलना, मग वजाबाकी

प्रकाशविद्युत परिणामाच्या गणितात पहिली ओळ नेहमी हीच असावी: फोटॉनची ऊर्जा किती, धातूचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) किती, कोण मोठं? दोन्ही इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. ज्यूलमध्ये आत्ता जायचंच नाही.

सीझियमचं वर्क फंक्शन २.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊ. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश: १२४० भागिले ४००, म्हणजे ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मोठं आहे, इलेक्ट्रॉन निघतील. कमाल गतिज ऊर्जा ०.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, रोधी विभव ०.९६ व्होल्ट. आता ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश: १.९१. लहान आहे. इथेच थांबा. वजाबाकी करून ऋण गतिज ऊर्जा लिहिणं ही चूक फार होते. इलेक्ट्रॉन निघतच नाहीत; दिवा कितीही प्रखर करा.

प्रखरता आणि वारंवारता यांची गल्लत दोन प्रश्नांनी तपासा. प्रखरता दुप्पट केली, वारंवारता तीच: प्रवाह दुप्पट, कमाल ऊर्जा ०.९६ च. वारंवारता दुप्पट केली: फोटॉन ६.२ चा झाला, कमाल ऊर्जा ४.०६. दुप्पट नाही, चौपटीहून जास्त. वर्क फंक्शन एकदाच वजा होतं, म्हणून.

द ब्रॉयली तरंगलांबीत आधी ओळखा, हा फोटॉन आहे की वस्तुमान असलेला कण? १०० व्होल्टनं त्वरित केलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.१२३ नॅनोमीटर. तेवढ्याच तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा मात्र १०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. तरंगलांबी एक, ऊर्जेत शंभर पट फरक. १२४० चा आकडा फक्त फोटॉनसाठी आहे, आणि नॅनोमीटरमधली तरंगलांबी देणारं ‘१.२२७ भागिले विभवांतराचं वर्गमूळ’ फक्त इलेक्ट्रॉनसाठी. प्रोटॉनला तो लावू नका.

बोरच्या हायड्रोजन अणूत शब्द नीट वाचा. पहिली उत्तेजित अवस्था म्हणजे दुसरी पातळी, दुसरी उत्तेजित म्हणजे तिसरी. तिसऱ्या पातळीची ऊर्जा −१.५१, दुसरीची −३.४, फरक १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, तरंगलांबी १२४० भागिले १.८९, साधारण ६५६ नॅनोमीटर, लाल. उत्तर दृश्य रंगात बसतंय का हे इथे लगेच कळतं.

अणुकेंद्रात एकच सापळा सांगतो, पण तो महागात पडतो. हेलियमचं दिलेलं वस्तुमान ४.००२६०३ हे पूर्ण अणूचं आहे, त्यात दोन इलेक्ट्रॉन मोजलेले आहेत. मग प्रोटॉनच्या जागी हायड्रोजन अणूचं वस्तुमान, १.००७८२५, घ्यायला हवं. तसं केलं तर बंधन ऊर्जा सुमारे २८.३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. नुसत्या प्रोटॉनचं १.००७२७६ घेतलं तर २७.३. फरक जवळपास १.०२, दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाइतका. प्रश्नात ‘अणूचं वस्तुमान’ लिहिलंय की ‘केंद्रकाचं’, त्या शब्दाला गोल करा.

टप्पा ८: उत्तर आल्यावर दोन मिनिटं

तीन तपासण्या, याच क्रमानं. एकक बरोबर आहे का. आकार पटण्यासारखा आहे का: वर इंडस-२ ची १.१ मिलिमीटर त्रिज्या याच तपासणीत पकडली गेली. आणि एक राशी टोकाला नेऊन बघा: कोन शून्य केला, अंतर फार मोठं केलं, रोध शून्य केला तर उत्तर शहाण्यासारखं वागतं का.

चुकलेलं गणित लाल पेनानं दुरुस्त करून पान उलटू नका. वहीच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहा, आणि त्यात सूत्र न लिहिता चुकलेला निर्णय लिहा: ‘बॅटरी काढली होती, मी विभवांतर तेच धरलं’, ‘कोन प्रतलाशी होता’, ‘ऋण प्रभाराला अंगठा उलटा केला नाही’. दोन दिवसांनी तेच गणित कोऱ्या पानावर, उत्तर झाकून, पुन्हा सोडवा. बरोबर आलं की त्या ओळीवर काट मारा. पुन्हा तिथेच चुकलं तर ती ओळ नव्यानं लिहा आणि शनिवारी आणखी एकदा बसा.